दारचा पाहुणा आणि घरचे मूल

आधार : उत्पत्ती अध्याय १८, ओव्या १ ते १६, इब्री लोकांस पत्र अध्याय १३, ओवी २.



इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटल्या अध्यायात बंधुप्रीतीचा बोध करून झाल्यावर लगेच पुढल्या ओवीत पाहुणचाराचा विषय निघाला आहे. पाहुणचार करीत असता कित्येकांच्या घरी देवदूत येऊन गेले आणि त्यांना ते कळलेही नाही, असे तेथे सांगितले आहे. ह्या ठिकाणी लेखकाने पाहुणचार करावयास शिका असे म्हटले नाही, तर त्याचा विसर पडू देऊ नका असे म्हटले आहे. हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. विसर पडतो तो एकदा शिकलेल्या गोष्टीचा. ज्याला ती कधी कोणी शिकविलीच नाही, त्याने विसरावे तरी काय? यावरून उघड होते की, ही विद्या मनुष्याने पूर्वीच, म्हणजे आईबापांच्या घरी लहानपणी शिकलेली असावी, अशी शास्त्राची अपेक्षा आहे. यास्तव आज आम्ही मोठ्यांच्या पाहुणचाराविषयी थोडे व मुलांच्या शिक्षणाविषयी अधिक लिहिणार आहोत.

नकळत देवदूतांचा सत्कार कोणी केला, हे पाहावयाचे तर मम्रेच्या झाडांखाली गेले पाहिजे. भर उन्हाची वेळ. अब्राहाम आपल्या तंबूच्या दारी बसला आहे. वय नव्याण्णव वर्षांचे. त्याने डोळे वर केले तो तीन पुरुष उभे दिसले. त्यांचे नाव, गाव, कूळ, जात, काम यांतले काहीएक त्याला ठाऊक नाही. तथापि तो धावत सामोरा जातो, जमिनीपर्यंत लवून नमस्कार करतो, पाय धुवावयास पाणी देऊ करतो, झाडाखाली विसावा घ्या म्हणतो, आणि भाकरीचा तुकडा आणतो असे बोलतो. आता त्याने आणिले काय ते पाहा. साराला तीन मापे सपीठ मळावयास सांगितले, गुरांत धावत जाऊन कोवळे व चांगले वासरू निवडले, दूध व दही पुढे ठेविले, आणि पाहुणे जेवेतोवर तो त्यांच्याजवळ झाडाखाली उभा राहिला. बोलणे तुकड्याचे व देणे मेजवानीचे! आपल्या गावात पुष्कळदा याच्या उलट घडते. बोलणे मेजवानीचे असते, आणि पाहुणा मात्र कोरड्या तोंडाने वाटेला लागतो.

ह्या कथेत एक लहानसा शब्द आहे, त्याकडे वाचणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही. अब्राहामाने ते वासरू स्वतः आणिले व एका तरुण मुलाच्या हाती दिले, आणि त्या मुलाने ते त्वरेने रांधिले, असे सातव्या ओवीत आहे. हा मुलगा कोण? मूळ इब्री शब्दाचा अर्थ चाकर असाही होतो व पोर असाही होतो. अकराव्या शतकातील यहूदी भाष्यकार रशी याने जुन्या परंपरेस अनुसरून असे लिहिले आहे की, तो मुलगा इश्माएल होय. त्याला धर्मकृत्यांची सवय लागावी म्हणून बापाने मुद्दाम ते काम त्याच्या हाती दिले. आम्ही हे शास्त्रवचन म्हणून सांगत नाही. ही भाष्यकाराची समजूत आहे. परंतु ती किती सयुक्तिक आहे पाहा. मागल्याच अध्यायात इश्माएल तेरा वर्षांचा असल्याचे लिहिले आहे. घरी चाकर पुष्कळ होते. एका हाकेसरशी दहा जण धावले असते. तरी बाप स्वतः धावतो आणि मुलालाही धावावयास लावितो. तेरा वर्षांच्या मुलाला पाहुणचारावर व्याख्यान दिल्याचे त्या अध्यायात कोठे नाही. त्याच्या हाती काम दिले आहे, एवढेच.

बंधूंनो, आम्ही ज्या ढोकी गावाकडून हे लिहीत आहोत, त्याच्या शेजारी तेर आहे. लोक ही दोन नावे जोडून तेरढोकी असे म्हणत आले आहेत. तेर म्हणजे प्राचीन काळचे तगर. ज्या पहिल्या शतकात प्रेषितांची पत्रे मंडळ्यांतून वाचली जात होती, त्याच शतकात एका ग्रीक भाषेतील समुद्रप्रवासाच्या ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाची मोठी पेठ असल्याचे नमूद झाले आहे. तेथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरी जात असे व तेथून समुद्रापलीकडे. म्हणजे परक्या भाषेची, परक्या वेषाची माणसे ह्या मातीने दोन हजार वर्षांपासून पाहिली आहेत. पुढे बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रुळांची गाडी १८९७ साली बार्शीस आली, १९११ साली लातुरास पोहोचली, आणि तिच्या वाटेवर ढोकीचे स्टेशन झाले. आता त्या मार्गावर रुंद रुळांच्या गाड्या धावतात. पण गाडी अरुंद असो की रुंद, तीतून उतरणाऱ्या माणसाला पाणी कोण विचारतो, हा प्रश्न तेव्हा होता तोच आज आहे.

तेरढोकीचे नाव महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे ते गोरोबा कुंभारामुळे. त्यांच्याविषयी एक आख्यायिका ह्या भागातील लहान मुलेही सांगतात. ज्ञानेश्वर, नामदेव आदी संतमंडळी गोरोबांच्या घरी पाहुणी आली होती. त्या भावंडांत सर्वांत धाकटी मुक्ताबाई. तिने घरात पडलेले थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले. मडके पक्के की कच्चे हे याने कळते, असे गोरोबांनी सांगितले. मग ही बसलेली मडकीही पाहा की, असे ती म्हणाली, आणि गोरोबा एकेकाच्या मस्तकावर थापटणे मारीत चालले. इतर शांत राहिले. नामदेवांस मात्र राग आला, आणि तेच मडके कच्चे ठरले. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे शिकावयास गेले, अशी कथा आहे.

आम्ही ख्रिस्ती लोकांनी ही कथा का सांगावी, असे कोणी विचारील. आम्ही ती आमच्या विश्वासाचा आधार म्हणून सांगत नाही. परंतु कुंभाराच्या घराकडे बोट दाखवून देवाने यिर्मया संदेष्ट्यास शिकविले, तर आपल्या शेजारच्या कुंभाराच्या घराकडून आपण दोन गोष्टी का शिकू नयेत? पहिली ही की, पाहुणचारात पारख यजमानाची होते तशी पाहुण्याचीही होते. दुसरी कुंभाराच्या कामातली आहे. ओले मडके बाहेरून थापटताना कुंभार आतल्या बाजूने आधार धरितो. आधार नसेल तर मडके फुटते, आणि मार नसेल तर त्याला आकार येत नाही. शिवाय हे सर्व माती ओली आहे तोपर्यंतच. भट्टीतून निघालेल्या मडक्याला कितीही थापटले तरी त्याचा आवाज तेवढा निघतो. आकार काही बदलत नाही. मुलांचे शिक्षण असेच आहे. बाहेरून शिस्त व आतून प्रेमाचा हात, आणि तेही वेळेवर.

आता मुलांस नेमके काय शिकवावे, ते आम्ही तीन भाग करून सांगतो.

पहिला भाग : हातापायांचे शिक्षण.

आदर हा मनात असतो हे खरे, पण लहान मुलाच्या मनाकडे जाण्याची वाट त्याच्या हातापायांवरून आहे. यास्तव आरंभ अगदी लहान कामांपासून करावा. दारी कोणी आले की मुलाने उठून उभे राहावे. खेळ चालू असेल तर थांबवावा. हाती मोबाईल असेल तर तो खाली ठेवावा. पाहुणा उभा आणि मूल त्या लहानशा पडद्यावरून मान वर करीत नाही, हे दृश्य हल्ली खेड्यातही दिसू लागले आहे. त्याने जय ख्रिस्त म्हणावे अथवा समोरच्या माणसाच्या रीतीप्रमाणे नमस्कार करावा. मग तांब्याभर पाणी आणावे. दोन्ही हातांनी द्यावे. सतरंजी किंवा वाकळ अंथरावी. या, बसा, असे तोंडाने म्हणावे. पाहुण्याला नुसत्या नावाने न पुकारता मामा, काका, आत्या, आजी असे नात्याने हाक मारावी. आपल्या भाषेची ही मोठी देणगी आहे की, तीत अनोळखी मनुष्यालाही तत्काळ एक नाते मिळते.

तसेच काही गोष्टी न करण्याच्या आहेत. पाहुण्याच्या पिशवीकडे पाहून काय आणले म्हणून विचारू नये. तो जेवत असता त्याच्या ताटावर डोळा ठेवू नये. त्याची बोली निराळी असेल, तो लंगडत असेल, त्याचे धोतर फाटके असेल, तर हसू नये. मोठी माणसे बोलत असता मध्येच तोंड घालू नये. निघताना घरातूनच बरे म्हणून पाठ फिरवू नये. अब्राहाम पाहुण्यांस वाटेला लावण्यास त्यांच्याबरोबर काही अंतर चालत गेला, असे सोळाव्या ओवीत लिहिले आहे. मुलाने निदान अंगणाच्या टोकापर्यंत किंवा एस.टी.च्या थांब्यापर्यंत जावे, व पिशवी जड असेल तर ती उचलावी.

येथे एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे लिहितो. ही कामे मुलीनेच करावयाची आणि मुलाने बाजेवर बसून पाहावयाचे, अशी जी चाल आपल्या घरांत आहे ती शास्त्रास धरून नाही. मम्रे येथे नव्याण्णव वर्षांचा कुटुंबप्रमुख धावला, आणि रांधावयास मुलगा लागला. रिबकेने परक्या वाटसरूस व त्याच्या दहा उंटांस पाणी काढून दिले म्हणून तिची आपण स्तुती करितो. पण तिची स्तुती आपल्या मुलांस पाणी न भरण्याची मोकळीक देत नाही. शिवाय पाहुण्यांची पंगत उठल्यावर भाकरीच्या टोपल्यात काही उरले की नाही, हे किती घरांत विचारले जाते? ज्या घरी पाहुणा पोटभर जेवून जातो व घरची आई पाणी पिऊन निजते, त्या घरातील मूल पाहुणचार शिकत नाही. आईची भूक मोजू नये, एवढेच ते शिकते.

दुसरा भाग : डोळ्यांचे शिक्षण.

हातापायांचे शिक्षण आपण मुलास देतो. डोळ्यांचे शिक्षण ते आपले आपण घेते, आणि ते आपल्या मुखाकडे पाहून घेते. येथेच खरा धोका आहे.

कल्पना करा. रविवारी दुपारी एका ख्रिस्ती घरी मोटारीतून एक गृहस्थ येतात. त्यांचे कपडे स्वच्छ, हाती घड्याळ, तालुक्याला ओळखी. घरधनी लगबगीने उठतात, खुर्ची पुसली जाते, चहात दूध अधिक पडते. अर्ध्या घटकेने दारी एक म्हातारी उभी राहते. आपल्या ह्या भागात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे येतात व पाचटाच्या कोप्यांतून राहतात. त्यांतलीच ती एक. तिला घोटभर पाणी पाहिजे आहे. घरातले मूल धावत आत जाते, आणि आईकडे पाहून हळूच विचारते, कोणत्या भांड्यात देऊ?

वाचकहो, हा प्रश्न त्या मुलाला कोणी शिकविला? शाळेत तो शिकविला नाही. रविवारच्या शाळेत तर नाहीच. कोणत्या माणसाला कोणते भांडे, हे त्याने आपल्या घरी, आपल्या डोळ्यांनी पाहून शिकून घेतले आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. पण आडात जे आहे ते पोहऱ्यात आल्यावाचून राहत नाही, हेही तितकेच खरे.

ह्या प्रश्नाचा डाग आपल्यासारखा दुसऱ्या कोणाला कळावा? आपल्यापैकी कोणाचे आजेपणजे महार समाजातून प्रभूकडे आले, कोणाचे मातंग समाजातून, कोणाचे आणखी कोठून. वरून ओंजळीत ओतलेले पाणी त्यांनी प्यावे, चहाच्या दुकानाबाहेर त्यांची कपबशी निराळी टांगलेली असावी, असे दिवस ह्या देशात होते. पाण्याच्या हक्कासाठी डॉ. आंबेडकरांस १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, तरी मनातून ती कायद्याइतक्या त्वरेने निघाली नाही. आणि दुःखाची गोष्ट ही की, ज्यांनी हा अपमान सोसला त्यांच्यापैकीच काहींच्या घरी, एका जातीतून आलेल्या ख्रिस्ती भावास दुसऱ्या जातीतून आलेल्या ख्रिस्ती भावाची भाकरी नकोशी वाटते. प्रभुभोजनाचा प्याला एक, आणि घरचे पेले दोन! असे घर मुलास काय शिकवील?

याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात नेमके हेच चित्र काढले आहे. सभास्थानी सोन्याची अंगठी घातलेला येतो, त्याला चांगली जागा. मळकट वस्त्रांचा गरीब येतो, त्याला उभे राहा अथवा पायांजवळ बस. याकोब ह्याला शिष्टाचारातील चूक म्हणत नाही. पक्षपात करणारे दुष्ट बुद्धीचे न्यायाधीश झालात, असा तो दोष लावितो. पेत्राचेही उदाहरण आहे. यापो येथे तो शिमोन चांभाराच्या घरी पुष्कळ दिवस राहिला. कर्नेल्याकडून आलेल्या परराष्ट्रीय माणसांस त्याने आत घेऊन त्यांचा पाहुणचार केला. असा हा पेत्र, परंतु अंत्युखियात काही मंडळी यरुशलेमेहून येताच तो परराष्ट्रीयांच्या पंगतीतून मागे सरला. पौलाने सर्वांदेखत त्याला बोल लाविला. का? कारण त्याच्या मागोमाग इतरही सरले, बर्णबासुद्धा ओढला गेला, असे गलतीकरांच्या पत्रात लिहिले आहे. प्रेषिताचे पाहून बर्णबासारखा प्रौढ मनुष्य मागे सरला, तर आईबापांचे पाहून लहान मूल मागे सरणार नाही काय?

म्हणून प्रत्येक ख्रिस्ती घरात आजच हा नेम करावा की, आमच्या घरी पाहुण्यांचे पेले सारखे, पाहुण्यांची बसावयाची जागा सारखी, आणि पाहुण्यांशी बोलण्याचा आवाजही सारखा. म्हणजे कोणत्या भांड्यात देऊ, हा प्रश्न मुलाच्या तोंडी येण्यास कारणच उरणार नाही.

तिसरा भाग : सत्य व विवेक यांचे शिक्षण.

आदर शिकविताना खोटेपणा शिकवू नये. सावकार किंवा वर्गणी मागणारा दारी दिसला की, बाबा घरी नाहीत म्हणून सांग, असे सांगून कित्येक बाप कणगीआड बसतात. मूल ते सांगते, आणि त्याच दिवशी ते दोन गोष्टी शिकते : पाहुणा म्हणजे टाळावयाचे संकट, आणि लबाडी ही सोयीची वस्तू. पुढे तेच मूल आपल्याशी खोटे बोलले तर आपण कोणास दोष द्यावा?

ऐपतीबाहेरचा पाहुणचारही शिकवू नये. पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पश्चिम घाटात गंगामूळ येथे आश्रम बांधला होता. तेथे यात्रेकरूंची ये-जा सतत असे. आलेल्या प्रत्येकाला जेवू घालता घालता त्यांची मालमत्ता संपली, आणि अखेर कुटुंबाला घर सोडून तीर्थोतीर्थी फिरणे प्राप्त झाले. रमाबाई १८५८ साली जन्मल्या. घर सुटले तेव्हा त्या सहा महिन्यांच्या होत्या व त्यांना वेताच्या पेटाऱ्यात घालून नेले होते. पुढे १८७४ च्या सुमारास दुष्काळाने व उपासमारीने त्यांचे आईबाप गेले. आम्ही त्या सज्जन शास्त्र्यांस नावे ठेवीत नाही. त्यांचे मन मोठे होते. पण कर्ज काढून पंगती घालणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे की, अब्राहामाने वासरू आपल्या गोठ्यातले कापले, सावकाराच्या नव्हे. ज्याच्याकडे पिठले-भाकरी आहे त्याने पिठले-भाकरी द्यावी, आणि हसतमुखाने द्यावी. थंड पाण्याच्या एका प्याल्यालाही प्रभूने प्रतिफळ सांगितले आहे.

आणि त्याच रमाबाईंचे पुढे काय झाले पाहा. दारोदार फिरलेली, भुकेली राहिलेली ती मुलगी प्रभूची झाली. १८९६-९७ व १९०० च्या दुष्काळांत तिने शेकडो निराधार मुली व विधवा यांस केडगावच्या मुक्तिसदनात घेतले. बापाचे दार दारिद्र्याने बंद झाले होते. लेकीने ते देवाच्या भरवशावर पुन्हा उघडले. परकेपण जिने भोगले तिला परक्याचे अंतःकरण कळले. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात देवाने इस्राएलास हेच कारण दिले आहे : तुम्ही मिसर देशात परके होता, तेव्हा परक्याचे मन तुम्ही जाणता. आपल्या जिल्ह्यालाही हे शिक्षण मिळालेले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली, आणि काल जे घरधनी होते ते एका रात्रीत दुसऱ्याच्या छपराखालचे पाहुणे झाले. आपण आज यजमान आहोत ते देवाने दिलेल्या एका दिवसापुरते, हे मुलांस समजावून सांगावे.

आणखी एक विवेकाची गोष्ट. आदर म्हणजे भय नव्हे, व आज्ञापालन म्हणजे मुकेपण नव्हे. सर्वच आलेले देवदूत नसतात. कोणा पाहुण्याचे, मग तो नात्यातला का असेना, वागणे किंवा स्पर्श मुलास वाईट वाटला, तर त्याने ते तत्काळ आईबापांस सांगावे आणि आईबापांनी त्याच्यावर विश्वास ठेवावा. पाहुण्याचा मान राखावा म्हणून मुलाचे तोंड दाबणे हा पाहुणचार नव्हे, पाप आहे. लहानांतील एकास अडखळविणाऱ्याविषयी प्रभूचे शब्द किती कडक आहेत, हे आपण जाणतो. यजमानाचे पहिले कर्तव्य छपराखालच्या लहानग्याचे रक्षण हेच होय.

आता उपदेशक बंधूंस दोन शब्द.

आपण गावोगाव जाता, आणि पुष्कळदा मंडळीतील मुलांनी पाहिलेले पहिले पाहुणे आपणच असता. मुले आपले प्रवचन विसरतील. आपण आमच्या घरी कसे बसलात, ताटात पडले ते कसे खाल्ले, हे विसरणार नाहीत. लूकाच्या दहाव्या अध्यायात प्रभूने सत्तर जणांस पाठविताना शिकविले की, घरात शिरताच शांतीचा आशीर्वाद द्या, पुढे वाढतील ते खा, आणि बऱ्या जेवणासाठी घरे बदलत हिंडू नका. ज्या झोपडीत कण्या आहेत तेथे कण्या आनंदाने खाव्या. मुलाने पाणी आणले तर पेला घेऊन त्याचे नाव विचारावे. एखादे वेळी मान मिळाला नाही, सतरंजी अंथरली नाही, कोणी उठले नाही, तर रागावू नये. ते थापटणे आपल्या मस्तकावर पडले आहे व मडक्याची पारख होत आहे, असे समजावे. शिमोन परूश्याने प्रभूस जेवावयास बोलाविले, पण पाय धुवावयास पाणी दिले नाही, चुंबन दिले नाही, मस्तकास तेल लाविले नाही. प्रभूने ते सर्व पाहिले, मनात मोजले, तरी तो ताटावरून उठून गेला नाही. पश्चात्ताप करणाऱ्या एका स्त्रीची बाजू घ्यावी लागली तेव्हाच त्याने ते बोलून दाखविले. स्वतःच्या मानासाठी त्याने एक शब्दही काढला नव्हता.

अंती आपण मूळ गोष्टीकडे येऊ. आपण मुलांस हे सर्व का शिकवावे? लोकांनी त्यांना शहाणी म्हणावे म्हणून काय? नाही. पाहुणचाराच्या मुळाशी आपला प्रभू आहे. तो जन्मला तेव्हा त्याच्या आईला उतारशाळेत जागा मिळाली नाही. गव्हाणीत त्याला निजवावे लागले. तो आपल्या लोकांकडे आला आणि त्यांनी त्याला घेतले नाही. अम्माऊसच्या वाटेवर तो परका म्हणून चालला, आणि दोघा शिष्यांनी दिवस कलला म्हणून आग्रह केला तेव्हाच तो आत गेला; भाकर मोडताच त्यांचे डोळे उघडले. त्यांनी आग्रह केला नसता तर पुनरुत्थित प्रभू त्यांच्या दारावरून पुढे निघून गेला असता. आणि न्यायाच्या दिवशी तो उजवीकडच्यांस जे सांगेल त्यात हेही आहे की, मी परका होतो आणि तुम्ही मला घरात घेतले. त्यांना ते ठाऊकच नसेल; कधी घेतले, म्हणून ते विचारतील. कारण त्यांनी मोठ्याला एक व लहानाला दुसरे असे कधी केले नव्हते. पाणी देण्याची त्यांच्या हातांस लहानपणापासून सवय होती.

आणखी हे. प्रभूने एक बालक घेऊन मध्ये उभे केले, त्याला कवटाळले, आणि माझ्या नावाने असल्या बालकाचा जो स्वीकार करितो तो माझा स्वीकार करितो असे सांगितले. म्हणजे आपल्या घरात जे मूल आहे तेही एक पाहुणाच आहे, देवाने काही वर्षांसाठी आपल्याकडे पाठविलेला. त्याच्याशी आपण अरे-तुरे, शिव्या व मार ह्यांवाचून बोलत नसू, तर त्याने परक्यांशी आदराने बोलावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. ज्या मुलाला आदर मिळतो त्याच्याजवळच देण्यास आदर असतो.

तर पालकहो, येत्या आठवड्यात पहिला जो कोणी दारी येईल, मग तो मंडळीचा पंच असो, वाट चुकलेला असो की ऊस तोडणारा असो, त्याला पाणी देण्याचे काम घरातील सर्वांत धाकट्याच्या हाती द्या. पेला घरातला चांगल्यातला चांगला असू द्या. तुम्ही स्वतः उठून उभे राहा, म्हणजे ते मूल उभे राहील. मग रात्री प्रार्थनेच्या वेळी उत्पत्तीचा अठरावा अध्याय वाचा, आणि त्या तरुण मुलाची ओवी मुलालाच वाचू द्या.

हे प्रभो, तू आमच्या घरी येतोस आणि आम्ही तुला ओळखीत नाही. आमच्या लेकरांचे हात तुझ्या सेवेस लाव. आमच्या घरांतले दोन पेले एक कर. आमच्या दारी उभा राहील त्याच्यात तुझे मुख आम्हांस दिसू दे, आणि ज्या दिवशी आम्ही तुझ्या दारी येऊ त्या दिवशी आम्हांस आत घे. आमेन.